नवसाचा कोंबडा

भूममध्ये आमच्या शेजारी राहणाऱ्या काकू मला आजवर नीट कळलेल्या नाहीत. कोंबड्यांच्या पोटाची एवढी काळजी करणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. खुराड्यात ओल दिसली की कोरडी राख पसरतात, खुराडंच उचलून दुसरीकडं मांडतात, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगतात, "जंत म्हंजी ओलीचं दुखणं, बघा. ओल न्हाय तर जंत न्हाय, बघा."

त्यांच्याकडं एक तांबडा कोंबडा आहे. काकांचं ऑपरेशन सुखरूप झालं तर लक्ष्मीआईला कोंबडा देईन, असं काकूच बोलल्या होत्या. काका केव्हाच बरे झाले. पण ठरलेला मंगळवार जवळ आला की काकूंना नेमके याच कोंबड्याच्या विष्ठेत जंत दिसतात. मग पाण्यातून औषध. औषध दिलेला कोंबडा काही दिवस खायचा नसतो, म्हणून नवस पुढं. देवीला फसवतात म्हणावं, तर मंगळवारचा उपास कधी मोडत नाहीत. कोंबड्यात जीव गुंतलाय म्हणावं, तर दिवसभर त्याला शिव्या घालतात.

परवा काका वैतागून मला हाताला धरूनच घेऊन गेले. "आता तुमीच सांगा भाऊ, हायत का जंत?"

काकू कोंबडा काखेत धरून उभ्या होत्या. "बघा"सुद्धा म्हणाल्या नाहीत. मी वाकून त्याची विष्ठा बराच वेळ पाहिली. मला एकही जंत दिसला नाही.

"हायत की," मी म्हणालो.