सत्याग्रहींच्या गळ्यातली जानवी

इतिहास घाटावर घडतो आणि खाली कोकणात फक्त पाऊस पडतो, अशी माझ्या वर्गातल्या मुलांची ठाम समजूत होती. मी पनवेलच्या एका शाळेत चित्रकला शिकवत असे. ‘ऐतिहासिक प्रसंग’ असा विषय दिला की सगळा वर्ग घोडे आणि तलवारी काढायला बसे. घोडे कुत्र्यांसारखे येत, ते सोडा. पण घोड्यांमागचे डोंगरसुद्धा घाटावरचे असत. खिडकीतून कर्नाळ्याचा सुळका समोर दिसायचा, त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नसे.

मुलांना कशाला नावं ठेवू? मी स्वतः पुण्याहून लग्न होऊन आलेली. पनवेलला इतिहास आहे हे मला सासरी कळलं, कारण सासरे तो रोज जेवताना वाढत. खाडीत गलबतं कशी लागत, भाताच्या गोणी कशा चढत, शिरढोणला जन्मलेला क्रांतिकारक डोंगरातून कसा फिरे, चिरनेरला जंगल सत्याग्रहात पोलिसांनी गोळ्या कशा झाडल्या. आमटीची दुसरी वाटी येईपर्यंत इंग्रज देश सोडून गेलेले असत. मग सासूबाई म्हणत, “गेले ना इंग्रज? आता ताक घ्या.”

या सगळ्या इतिहासात आमचं घर मात्र कुठेच नसे. गल्लीत प्रत्येकाच्या घराण्यात कुणीतरी एक होऊन गेलेला. कुणाच्या आजोबांनी परदेशी कापडाची होळी केलेली, कुणाच्या काकांनी पत्रकं वाटलेली. आमचे आजेसासरे त्या काळात पनवेलच्या सरकारी कचेरीत कारकून होते. एवढं एक वाक्य घरात सांगितलं जाई आणि विषय भातावर किंवा हवेवर जाई. सासऱ्यांच्या मनाला ते लागून होतं. त्यांचा चौकात कट्ट्यावर आवाज मोठा, पण घराण्याची गोष्ट निघाली की त्यांना नेमकं घरी काहीतरी काम आठवे.

आणि अशात गावातल्या एका छापखान्याच्या मालकांना पुस्तक काढायची हुक्की आली. ते आमच्या यजमानांचे मित्र. जन्म लग्नपत्रिका छापण्यात गेलेला. त्यांच्या पत्रिकांवरचे गणपती मीच काढून दिलेले. एक दिवस येऊन म्हणाले, “वहिनी, तालुक्याचा इतिहास काढू या. चित्रांतून. पार विचुंब्यापर्यंत इमारती उठतायत. त्या नव्या लोकांना आपण कुठे राहायला आलोय, ते कळायला नको?”

विचार थोर होता. अटी छापखान्याच्या होत्या. मुखपृष्ठ रंगीत, आत सगळं काळ्या शाईत, चित्रं मोठी आणि मजकूर कमी. कारण मजकुराची प्रुफं तपासावी लागतात आणि चित्रात शुद्धलेखनाच्या चुका होत नाहीत.

त्या वेळी मुलांसाठी जी सचित्र इतिहासाची पुस्तकं मिळायची, त्यांत सगळ्यांना एकच हनुवटी असे. नायक आणि शत्रू एकमेकांचे सख्खे भाऊ वाटत. फक्त मिशीचं वळण वेगळं. माझ्या कॉलेजातल्या सरांनी मला एक गोष्ट बजावून शिकवली होती: चेहरा मनाने काढायचा नाही, समोर माणूस बसवायचा, आणि जे दिसेल तेच काढायचं. मी जाहीर करून टाकलं की आपल्या पुस्तकात खरी माणसं दिसतील, आणि त्यांच्यासाठी समोर बसवीन ती माणसं आपल्याच गल्लीतली असतील.

झालं. गल्लीत एकदम देशभक्तीची साथ आली. औषधाच्या दुकानवाल्यांनी शिरढोणच्या क्रांतिकारकासाठी दाढी वाढवली. दुकानात येणारा प्रत्येक जण आवाज खाली आणून विचारी, “सुतक आहे का?” त्यांच्या बायकोनं चिडून मला निरोप पाठवला, की एकदाचं काय ते काढ आणि माझा नवरा मला परत दे.

सासरे काही बोलले नाहीत. फक्त मी चित्र काढायला बसले की मिशी विंचरून माझ्या पाटासमोरून जायचे, पाणी प्यायला. इतकं पाणी उन्हाळ्यातही कुणी पीत नाही. शेवटी सासूबाईंनाच राहवलं नाही. “अगं, यांना काढ एकदाचं. नाहीतर घरात पाणी उरायचं नाही.”

“काय काढू यांचं?” मी मुद्दाम विचारलं.

“झोपलेले काढ. हुबेहूब येतील.”

सासरे घसा खाकरून म्हणाले, “चिरनेरच्या चित्रात गर्दी बरीच लागेल ना? त्यात कुठेतरी, पुढे वगैरे.”

‘कुठेतरी, पुढे’ हे मला कळलं. पुस्तकातलं ते सगळ्यात मोठं चित्र होतं, दोन समोरासमोरच्या पानांवर पसरलेलं. गावकरी कोयते घेऊन जंगलाचा कायदा मोडायला निघालेत, आणि सर्वांत पुढे आमचे सासरे. मला आधी हसू आलं, मग लक्षात आलं. त्यांना नट व्हायचं नव्हतं. आपल्या घरातलं कुणीतरी त्या बाजूला उभं होतं असं एकदा छापून यावं, एवढंच त्यांना हवं होतं.

मी भाजीवालीकडून कोयता मागून आणला. सासऱ्यांनी आयुष्यात स्वतः कापलेली सर्वांत कठीण वस्तू म्हणजे पोस्टाचं पाकीट. त्यांनी तो कोयता छत्रीसारखा धरला. सत्याग्रही उघडाच असणार म्हणून सदरा काढला, धोतराचा काचा मारला, छाती पुढे काढली आणि दम कोंडून उभे राहिले. मधूनमधून मला सांगावं लागे, “बाबा, श्वास घ्या.” त्यांच्या मागोमाग औषधवाले आले, निवृत्त पोस्टमास्तर आले, शेजारचे बँकेतले आले. सगळ्यांनी सदरे काढले. सगळे शूरासारखे उभे राहिले. मी समोर दिसलं तेच, सरांनी शिकवलं तसं, अगदी प्रामाणिकपणे काढलं.

छापखान्याच्या मालकांनी चित्र बघून हात जोडले. “वहिनी, जिवंत आहे हो!” सासूबाईंनी बघितलं, यजमानांनी बघितलं, अर्ध्या गल्लीनं बघितलं. सासऱ्यांनी तर ते चित्र दारासमोरच्या भिंतीला टेकवून ठेवायला लावलं, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला आधी ते दिसावं.

मागचं जंगल तेवढं काढायचं राहिलं होतं. ते बघायला चिरनेरला जायचं ठरलं. चित्र गुंडाळून बरोबर घेतलं, आणि सासरेही निघाले. “तिथले लोक विचारतील, तुला काय सांगता येणार?” असं म्हणून कडक इस्त्रीचे कपडे घालून ते एसटीत खिडकीशी बसले. वाटभर मला इतिहास सांगितला. पुढच्या बाकावरच्या कोळणीनं पाटीवरचं फडकं सारखं करत दोनदा मागे वळून बघितलं.

चिरनेरला एका घराच्या ओटीवर आम्हाला बसायला दिलं. घरची म्हातारी सत्तरीची असेल. तिचा चुलत सासरा सत्याग्रहात होता, तुरुंगातही जाऊन आलेला. मी ओटीवर चित्र उलगडलं. आजूबाजूच्या बायका गोळा झाल्या. सगळ्या चित्रावर वाकल्या, आणि मला वाटलं, गहिवरल्या असतील.

मग म्हातारी खिक्कन हसली. “अगो बया, या सगल्यांच्या मुंजी एकाच मांडवात लागल्या काय?”

मी वाकून बघितलं. जंगल तोडायला निघालेल्या त्या अख्ख्या जमावात प्रत्येकाच्या उघड्या छातीवर, डाव्या खांद्यावरून उजव्या कमरेकडे, जानवं होतं. ठसठशीत, काळ्या शाईत. मी काढलेलं. सासूबाईंनी, यजमानांनी, मालकांनी, कुणीही ते बघितलं नव्हतं, कारण आम्हाला ते जन्मापासून रोजच दिसत होतं.

बायकांना हसू आवरेना. “जंगलात बामनांचं जेवन व्हतं काय गो?” एक म्हणाली. दुसरीनं पोस्टमास्तरांच्या पोटाकडे बोट दाखवलं आणि पदर तोंडात धरला. मीही हसत सुटले. हसण्याशिवाय दुसरं करण्यासारखं तरी काय होतं?

सासरे हसले नाहीत. म्हातारीनं एकदा चित्रातल्या पुढच्या माणसाकडे आणि एकदा त्यांच्याकडे बघितलं. “ह्ये तुमीच काय, बाबा?”

“हो,” सासरे म्हणाले.

“मंग तवा तुमच्यातला कोन व्हता?”

तिच्या विचारण्यात टोमणा नव्हता. गावात कुणीही कुणाला विचारतं तसं तिनं विचारलं. सासऱ्यांनी इस्त्रीच्या धोतराची निरी सरळ केली. मला वाटलं, आता काहीतरी दणदणीत सांगणार. जेवताना सांगत तसं. आणि मी गप्पच बसणार होते, कारण त्या क्षणी मला त्यांची फार दया आली.

“माझे वडील कचेरीत कारकून होते,” ते म्हणाले. “त्या दिवशी पोलिसांबरोबर कचेरीची माणसं इकडे आणली, त्यांत होते.”

हे मला नवीन होतं. कचेरीत होते हे ठाऊक होतं, इथे होते हे नाही. बायकांचं हसणं थांबलं. म्हातारी उठली. आत जाऊन तांब्याभर पाणी घेऊन आली, सासऱ्यांपुढे ठेवलं आणि माझ्याकडे वळली. “आमाला काडा आता. या बामनांना ऱ्हाऊ द्या घरी.”

मग दुपारभर मी तिथली माणसं काढली. त्यांना कोयता कसा धरायचा ते सांगावं लागलं नाही, श्वास घ्या असंही सांगावं लागलं नाही. फक्त म्हातारी आतून सगळे दागिने घालून आली. मी म्हटलं, “आजी, सत्याग्रहाला कुणी एवढं सोनं घालून जातं का?”

“मी जंगलात नाय, पुस्तकात चाललेय,” ती म्हणाली. ते दागिने मी तसेच काढले.

येताना एसटीत सासरे वाटभर गप्प होते. त्या माणसाला गप्प बसलेलं मी पहिल्यांदाच बघत होते आणि मला ते मुळीच आवडलं नाही. आपण हे चित्र काढायलाच नको होतं, असं मनात येत राहिलं. दारासमोरच्या भिंतीपाशी त्या रात्री काही टेकवलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नवा कागद ताणून बसवत होते, तर सासरे समोर येऊन उभे राहिले. बंद गळ्याचा जुना कोट, डोक्यावर काळी टोपी. कोटाला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता.

“गर्दीत नको,” ते म्हणाले. “पलीकडे काढ. सरकारी माणसांत, सगळ्यांत मागे. कारकून.”

“बाबा, त्याची काही गरज नाहीये.”

“आहे. पुस्तक इतिहासाचं आहे ना?”

मी पेन्सिल उचलली. या खेपेला छाती पुढे नव्हती. “तोंड कुठे करू आजोबांचं?” मी विचारलं. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, “खाली. चिरनेरचं नाव निघालं की ते ताटात बघायचे.” सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या होत्या. त्या दिवशी त्यांनी एकही टोमणा मारला नाही.

नवं चित्र बघून छापखान्याचे मालक जरा हिरमुसले. गल्लीतली माणसं गेली म्हणजे गल्लीत खपणाऱ्या प्रती गेल्या, हे त्यांना बरोबर कळत होतं. औषधवाल्यांना दाढीसकट शिरढोणच्या पानावर ठेवलंय, असं सांगून मी त्यांची समजूत घातली. मग त्यांनी कोपऱ्यात बोट ठेवलं. “पण वहिनी, हा कोपऱ्यातला कारकून कशाला? उगीच जागा अडवतोय.”

“राहू दे,” सासरे आतून म्हणाले. “त्यांनाही तिथे उभं राहायचं नव्हतं.”

पुस्तक निघालं. पानं थोडी काळपट छापली होती आणि मुखपृष्ठावरचा कर्नाळा निळा आला होता. मुलांनी पुस्तक उघडून आधी ओळखीची ठिकाणं शोधली, मग ओळखीची माणसं. खाडी बघून एक जण म्हणाला, “बाई, ही तर आपलीच आहे!” जसं काही मी त्याची खाडी चोरली होती.

चिरनेरला प्रती द्यायला आम्ही दोघंच गेलो, सासरे आणि मी. म्हातारीनं आधी आपले दागिने मोजून घेतले. नथ बारीक आली म्हणून माझ्यावर रागावली. नंतर पान डोळ्यांजवळ नेलं आणि सावकाश सगळीकडे बघत सरकारी माणसांच्या कोपऱ्यापर्यंत पोचली.

“ह्यो तुमचा बापूस?”

“हो.”

तिनं त्याच्या टोपीवर बोट ठेवलं. “लय घाबरलाय गो ह्यो,” ती म्हणाली.

मला वाटलं, पुस्तक मिटून घ्यावं. एवढ्या वर्षांत त्या माणसाबद्दल कुणी असं तोंडावर बोललं नव्हतं. पण सासरे पुढे सरकले आणि तिच्या शेजारी ओटीवर बसले.

“फार घाबरले होते,” ते म्हणाले. “घरी आले तेव्हा हात थरथरत होते. मी लहान होतो. मला वाटलं, थंडी वाजतेय. मी आतून घोंगडी आणून त्यांच्या अंगावर घातली.”