भट्टीला टेकून बस

तुमच्या घरी 'दारूचा बळी' नावाचं चार पानी पत्रक आहे का? आठवून पाहा. पिवळट कागद, वर पेटत्या मशालीचं चित्र. खापरच्या बाजारात ते फुकट वाटलं होतं. तळोद्यात, अक्कलकुव्यात, तापीकाठच्या गावांत लोकांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं. डोंगरातला एक मजूर दारूच्या नशेत लाकडाच्या लॉरीवर कसा मेला, त्याची हकीकत त्यात आहे. वाचताना कुणाकुणाच्या डोळ्यांत पाणी आलं, असं मला सांगतात.

खाली लेखकाचं नाव नाही. ते मी लिहिलं.

आज जे लिहितोय ते याआधी छापलेलं नाही, बोललेलंही नाही. फक्त एका म्हाताऱ्याला तोंडी सांगितलं होतं, आणि त्याने मला परत पाठवलं. त्याचं पुढे सांगतो. आधी लॉरीचं सांगितलं पाहिजे. म्हणजे तुम्हाला वाटेल की मी मुद्द्यापासून पळतोय. पळतोच आहे. पण त्या भट्टीची ओळख झाल्याशिवाय माझा गुन्हा तुम्हाला दिसणार नाही.

मी प्रकाशाजवळच्या एका खात्यापित्या घरातला. घरची जमीन, घरचे बैल. पण मी वाढलो पत्रकांवर. कुणी शहाद्याहून आणायचं, कुणी धुळ्याहून. मी ती चादरीखाली लपवून वाचायचो. माणूस माणसाला समान आहे, हे वाक्य मी इतक्या वेळा वाचलं होतं की ते मलाच सुचलं आहे असं मला वाटू लागलं होतं. शाळा संपल्यावर वडील म्हणाले, कचेरीत चिकट. मी म्हणालो, घाम गाळून खाईन. आणि नंदुरबारच्या एका लाकूडवाल्या शेठकडे मोटार चालवायला शिकलो. तेव्हा मला याचा केवढा अभिमान होता! आज तो आठवला तरी तोंड कडू होतं.

लढाईचे दिवस होते. पेट्रोल चिठ्ठीवर, आणि चिठ्ठी साहेबाच्या मर्जीवर. म्हणून शेठने लॉरीला कोळशाची भट्टी बसवून घेतली होती. ड्रायव्हरच्या खोलीमागे एक उंच लोखंडी पिंप, त्यात लोणारी कोळसा. तो पेटवायचा, हाताने पंखा फिरवून फुलवायचा, आणि त्यातून निघणारा गॅस नळीतून इंजिनात. लॉरीला बाजूच्या फळ्या नव्हत्या. नुसता सपाट पाटा, त्यावर साखळदंडाने आवळलेले सागाचे सोट. डोंगरातून माल भरायचा आणि नंदुरबारच्या रेल्वेच्या मालधक्क्यावर उतरवायचा.

त्या हिवाळ्यातले ते आठवडे विसरता येत नाहीत. पहाटे दवाने कोळसा ओला झालेला असायचा. पंखा फिरवून फिरवून खांदा निघायचा, तरी इंजिन नुसतं खोकायचं. पिंपाच्या तळाशी जळून दगड झालेला कोळसा लोखंडी सळईने फोडायचा, तेव्हा अर्धा हात भाजायचा आणि अर्धा गारठलेला असायचा. कोळशावरच्या गाडीला चढावर दम नसतो. ती घाटात मध्येच थांबते आणि मागे येऊ लागते. म्हणून एक माणूस लाकडी पाचर घेऊन मागून चालतो. गाडी थांबली रे थांबली की त्याने मागच्या चाकाखाली पाचर सारायची. त्याला एक क्षण उशीर झाला, तर माल, गाडी आणि ड्रायव्हर, सगळे दरीत.

माझा पाचरवाला होता वेस्ता. खापरच्या वरच्या अंगाला, डोंगरात त्याचा पाडा. माझ्याहून वयाने मोठा, बारीक चणीचा, बोलण्यात तिखट. माझा जीव घाटाघाटात त्याच्या हातात असायचा — आणि मी त्याला कधी दादा म्हणालो नाही. वेस्ता म्हणायचो. तो मला मास्तर म्हणायचा, कारण शेठ म्हणायचा. सकाळी मी गोदामात कुणाला काही समजावत उभा राहिलो की शेठ ओरडायचा, "ओ मास्तर, पहिले भट्टी पेटाड, देश मंग पेटाड!"

त्याच शेठने गाडी हातात देताना एक गोष्ट बजावून सांगितली होती. माझ्यावर बोट रोखून. "गाडी उभी ऱ्हायनी का भट्टीजोडे कोन्ले बसू देऊ नको. तो धूर दिखत नही, पन मानूसले कायमना झोपाडी टाकस." गाडी चालत असली की इंजिन गॅस ओढून घेतं. उभी राहिली की कोळसा धुमसतच राहतो, आणि गॅस झाकणातून, सांध्यांतून बाहेर झिरपतो. हे मला माहीत होतं. हे वाक्य मी पुन्हा लिहितो, कारण याच्यावरच सगळं आहे. मला माहीत होतं.

आणखी एक गोष्ट माहीत होती. वेस्ता दारू पीत नव्हता. काही वर्षांपूर्वी डोंगरात एक लाट आली होती, पाडेच्या पाडे दारू सोडून सोमवारी आरतीला बसू लागले होते. त्यात त्यानेही शपथ घेतली होती. पुढे पुष्कळजण परत प्यायला लागले. हा नाही. माल भरून झाला की भरणाऱ्यांची रीत — मोहाच्या दारूची पहिली धार जंगलाच्या देवाला जमिनीवर सोडायची, मग पानाचा द्रोण हातोहात फिरवायचा. वेस्ताची पाळी आली की तो द्रोण पुढे देऊन टाकायचा, दुसऱ्या पानात पाणी घ्यायचा, ते जमिनीवर सोडायचा आणि उरलेलं प्यायचा. बाकीचे हसायचे, "वेस्ताना देवले खोकली व्हयेल शे, पानीच पेस!" तोही हसायचा. मी हे कितीदा पाहिलं आहे.

तर ती सकाळ.

खापरहून निघालो तेव्हा धुकं होतं आणि वारा अंगात सुया टोचल्यासारखा. वेस्ताला अंगात कसकस होती. सपाटीला लागलो की पाचरवाला मागे वर, सोटांवर बसतो, उघड्यावर. त्याने दारापाशी येऊन आत वाकून पाहिलं. माझ्या शेजारची बैठक रिकामी नव्हती. तिच्यावर माझा पत्रकांचा गठ्ठा होता, दव लागू नये म्हणून फडक्यात बांधलेला. तो म्हणाला, "मास्तर, तुन्ही नवरी गादीवर बठनी, आनि मी लाकडंसवर?" हसत म्हणाला. पण दात वाजत होते.

गठ्ठा मला मांडीवर घेता आला असता. पायाशी ठेवता आला असता. तुम्ही विचाराल, मग का नाही घेतलास? मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगत आलो की पाचरवाल्याला आत बसवायचं नाही, असा शेठचा नियम होता. नियम होताच, पण शेठ नंदुरबारला होता. खरं सांगू? पुढे तळोदं होतं. तिथे चहाच्या दुकानावर माझी वाट पाहणारी चार शिकलेली माणसं होती. त्यांच्यासमोर मी एका भिल्लाच्या खांद्याला खांदा लावून उतरणार, त्याच्या घोंगडीचा धुराचा वास माझ्या कोटाला लागलेला — मला लाज वाटली. बस, एवढंच. आणि त्या गठ्ठ्यात, फडक्याच्या आत, काय छापलं होतं ते तुम्हाला ठाऊक आहे.

मी म्हणालो, "मागे ताडपत्री आहे, ती ओढून घे अंगावर. भट्टीला टेकून बस. ऊब मिळेल."

त्याने मान डोलावली आणि वर चढला.

विसरलो होतो, असं म्हणायला मला आवडलं असतं. विसरलो नव्हतो. गाडी चालू राहील, अशी मनाची समजूत घातली. मग तळोदं आलं आणि मी गाडी उभी केली. चहा आला, दुसरा आला. त्या चौघांपैकी एक म्हणाला की डोंगरी लोक अजून समतेला लायक झालेले नाहीत, आणि मी पेटलो. काय बोललो मी त्या दिवशी! दुकानवाला भांडी घासायची थांबवून ऐकत होता. आणि रस्त्याच्या पलीकडे माझी लॉरी उभी होती, भट्टी धुमसत होती, आणि ताडपत्रीखाली माझा पाचरवाला ऊब घेत होता. मला ती ताडपत्री दिसत होती. बोलता बोलता एकदा माझी नजर तिच्यावर गेलीही. मग मी पुढचं वाक्य बोललो.

तापीच्या पात्रात तेव्हा वाळूवर पाला-काटक्या टाकून कच्चा रस्ता करत. तिथे चाक रुतलं. मी हाक मारली, "वेस्ता, पाचर!" उत्तर नाही. पुन्हा मारली. रस्त्याची डागडुजी करणारे लोक होते, त्यांतला एक वर चढला आणि त्याने ताडपत्री बाजूला केली. वेस्ता भट्टीला टेकून बसला होता. तोंड लालसर, गाल तजेलदार, ओठही लाल. तो गॅस माणसाला असाच लाल करून मारतो. इतका निरोगी मी त्याला जिवंतपणी पाहिला नव्हता.

वर चढलेला माणूस म्हणाला, "हाऊ तं पियेल दिसस."

त्याने माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. 'नाही' म्हणायला किती वेळ लागतो? मी म्हणालो, "हो."

एवढ्यावर थांबलो असतो तरी मी भेकड एवढाच ठरलो असतो. पण जमादार आला, पंच बसले, आणि मी त्या 'हो'ला हातपाय लावले. खापरहून निघतानाच त्याने घेतली होती म्हणालो. जवळ बाटली होती, ती मी रागाने वाटेत फेकून दिली म्हणालो. नशेत थंडी कळली नाही आणि गारठून गेला म्हणालो. कुणी एक प्रश्न जास्त विचारला नाही. मेलेला भिल्ल आणि दारू! त्यांच्या मनात ही जोडी आधीपासूनच होती, मी फक्त तिला साक्षीदार मिळवून दिला. निरोप मिळून आलेल्या शेठने मात्र भट्टीकडे एकदा पाहिलं, मग माझ्याकडे, आणि तो काही बोलला नाही. त्याचाही त्यात फायदा होता.

त्याच लॉरीवर त्याला पाड्यावर नेलं. त्याची बायको ठुमली. ती रडत नव्हती. लोक जमलेले, आणि तिने सगळ्यांसमोर मला विचारलं, "तू जोडे व्हता. तू सांग, तो पियेल व्हता का?"

मी जमिनीकडे पाहिलं. डोंगरात याला उत्तर म्हणतात.

शपथ घेतलेल्या माणसाने चोरून पिणं हे तिथे साध्या पिण्याहून वाईट. तो देवाशी खोटेपणा. त्याला शपथवाल्यांनी खांदा दिला नाही. पुढच्या सोमवारी ठुमली आरतीच्या ओळीत जाऊन बसली, तेव्हा तिला आणि तिच्या पोरांना ओळीतून उठवलं. हे मला दुसऱ्या एका भरणाऱ्याने सहज सांगितलं, साखळदंड आवळताना. मी साखळदंडाचं दुसरं टोक धरलं होतं. धरून राहिलो.

आणि मग मी ते पत्रक लिहिलं. दारूबंदीचं काम करणाऱ्या मित्रांनी गळ घातली, तू डोळ्यांनी पाहिलंयस, तूच लिही. एका बैठकीत लिहून काढलं. मला सांगा, खोटं लिहिताना हात इतका झरझर कसा चालतो? आजचं हे लिहायला मला कित्येक दिवस लागले. त्या पत्रकाने माझं नाव आमच्या मंडळींत झालं. लॉरी सुटली, छापखान्यात जागा मिळाली, बसायला खुर्ची मिळाली. वेस्ताच्या प्रेतावर पाय देऊन मी त्या खुर्चीवर चढलो.

लढाई संपली. पेट्रोल पुन्हा मिळू लागलं. शेठने भट्टी काढून गोदामामागे टाकली. तिथे ती गंजते आहे, कोंबड्या तिच्यात अंडी घालतात. काही दिवसांनी ती नेमकी कशी मारायची हे सांगणाराही कुणी उरणार नाही. म्हणून मागच्या महिन्यात मी डोंगरात गेलो. शपथवाल्यांच्या म्हाताऱ्या पुढाऱ्याला सगळं सांगितलं. जे इथे लिहिलं तेच, गठ्ठ्यासकट. ठुमली झोपडीच्या दारात तूर पाखडत होती. तिने सगळं ऐकलं. सूप एकदाही थांबलं नाही.

म्हाताऱ्याने आधी ठुमलीकडे पाहिलं. मग म्हणाला, "तू कागदवर लिखं, ते गावेगाव गयं. आते मन्हा एकलाना कानमा सांगस? जा. पहिले तो कागद पलटाड." तोवर आरतीच्या ओळीत ठुमलीला बसवता येणार नाही, असं तो म्हणाला. लोक त्याला कागद काढून दाखवतील, आणि छापलेल्यापुढे त्याचं तोंडी बोलणं कोण ऐकेल?

त्याचं बरोबर आहे. म्हणून हा कागद.

माझ्यासाठी मला काही नको. क्षमा नको, समजूत नको. छापखाना मी सोडला आहे, आणि जमादाराला दिलेला जबाब खोटा होता हे कचेरीत लिहून दिलं आहे. त्याचं जे व्हायचं ते होवो. मागणं आहे ते तुमच्याकडे, वेस्ताच्या नावाने. ते पत्रक तुम्ही कुठे वाचलं होतं? बाजारात, पारावर, शाळेत, कुणाच्या ओट्यावर? त्याच जागी पुन्हा जा. त्याच लोकांना बोलवा. आणि जेवढ्या मोठ्याने ते वाचलं होतं, तेवढ्याच मोठ्याने हे वाचा: वेस्ता प्यायला नव्हता.