बॉयलरचा चढलेला काटा

इंग्लंडातल्या आमच्या अख्ख्या मिल्टन कीन्समध्ये घर गरम ठेवणाऱ्या बॉयलरची नाडी कळणारा माणूस एकच, आणि ते म्हणजे माझ्या बायकोचे मामा. रेल्वेच्या सिग्नल खात्यातून रिटायर झाल्यापासून त्यांनी ओळखीपाळखीतल्या सगळ्या घरांचं हीटिंग दत्तक घेतलं आहे. "कव्हरच्या आत परवानाधारक गॅसवाला, कव्हरच्या बाहेर मी," हा त्यांचा नियम. लग्नाला सुटाबुटात आले तरी खिशात खोल्या तापवणाऱ्या रेडिएटरमधली हवा सोडायची किल्ली असतेच. एकदा एका गृहप्रवेशाला बुद्धवंदना चालू असताना वरच्या मजल्यावर कुठेतरी गुडगुडलं. मामांनी हात जोडलेले, डोळे मिटलेले, चेहरा शांत. पण "साधु, साधु" म्हणून होताच त्यांचं पहिलं वाक्य आलं, "मागच्या बेडरूममधल्या रेडिएटरमध्ये हवा आहे."

मामी गेल्या आणि हे सगळं थांबलं. मामा घरात एकटे बसू लागले, टोस्ट आणि डब्यातलं सूप यावर दिवस काढू लागले. कोट अंगावर लोंबायला लागला. बायको फोनवर जेवायला बोलवून थकली. "काही काम नसताना भाचीकडे येऊन काय बसू गं? बघू पुढच्या आठवड्यात," एवढंच उत्तर. तिला रात्र रात्र झोप लागेना.

अशातच या हिवाळ्यात आमच्या बॉयलरचं प्रेशर वाढलं. बायकोने फोन केला आणि मामा तासाभरात दारात हजर. "जय भीम" म्हणत ते थेट किचनमध्ये शिरले. "गार असताना काटा दीडच्या आत पाहिजे, तुमचा अडीचला! तीनवर गेला की बाहेरच्या पाइपातून पाणी अंगणात." मग तपासणी. बॉयलरखालचा पाणी भरायचा व्हॉल्व उघडा राहिला की नळाचं पाणी आत शिरून काटा चढतो, पण तो घट्ट बंद होता. तापून फुगलेल्या पाण्याला जागा देणाऱ्या टाकीवर संशय घ्यावा, तर तिच्यात बिघाड असता तर काटा हीटिंग चालू झाल्यावर चढला असता, आमचा गार असतानाच चढलेला. शेवटी त्यांनी रेडिएटरमधून काळंकुट्ट पाणी काढलं, काटा खाली आणला, जेवले आणि गेले. त्या पाण्यासाठी बायकोने दुधाचं पातेलं हसत हसत पुढे केलं, तिथेच मला कळायला हवं होतं. पुढच्या रविवारी काटा पुन्हा अडीचवर. त्याच्या पुढच्याही.

"मामा, शनिवारपर्यंत काटा जागचा हलत नाही हो," मी एका रविवारी म्हणालो. मामा टॉर्च लावून बॉयलरखाली वाकले, मीही वाकलो. व्हॉल्वच्या काळ्या मुठीवर ज्वारीचं ओलं पीठ लागलं होतं, बोटांच्या ठशांसकट. मागे ओट्याशी बायको आमच्याकडे पाठ करून भाकरी थापत होती, जरा जास्तच जोरात.

मी तोंड उघडणार, तोच मामांनी माझा हात दाबला. अंगठ्याने त्यांनी ते पीठ हळूच पुसून टाकलं, टॉर्च बंद केला आणि मोठ्याने म्हणाले, "व्हॉल्व पास होतोय गं, बंद असूनही आत पाणी झिरपतंय. असले व्हॉल्व घाईने बदलायचे नसतात. लक्ष ठेवावं लागतं. मी आपला दर रविवारी येत जाईन."

"बरं मामा," ती मागे न बघताच म्हणाली. "हात धुऊन घ्या, भाकरी गरम आहे."

त्या दिवशी मामांनी पहिल्यांदाच मागून भाकरी घेतली. मला मात्र दोघांपैकी कुणाकडेही बघायचा धीर होईना.