बोटीचं तोंड कोणीकडे

माझ्या भाचीने तिच्या बापाशी, म्हणजे माझ्या थोरल्या भावाशी, फोनवर जो करार केला तो ऐकून मी दोघांवरही चिडले होते. ती बाहेरदेशी स्पर्धेला निघाली होती, बायकांच्या रोइंगमध्ये, देशाकडून. म्हणाली, "बाबा, पदक आणलं तं माह्या लग्नाचा विषय मी काढल्याबिगर कोणी काढाचा नाई. नाई आणलं तं साखरखेर्ड्याच्या पाहुण्यायसमोर चुपचाप बसीन."

दादा म्हणाला, "हाव. देला शब्द."

पदक म्हणजे काय बाजारातली मेथीची जुडी आहे, गेली आणि घेऊन आली? मी तिला नंतर चांगलं झापलं. तर हसून म्हणते, "आत्या, अट तरी हाय ना हाती." मी विद्यापीठाकडून खो-खो खेळले होते. माझ्या वेळी कोणी अटसुद्धा घातली नव्हती, सरळ तारीखच सांगितली होती. संसार बरा झाला माझा, तक्रार नाही. पण धावायची आठवण अजून पायात आहे.

आमचं गाव जानेफळजवळ. पावसाळ्यात नाला फुगतो तेवढंच आमचं पाणी. पोरगी नाशिकला शिकायला गेली, तिची उंची पाहून तिथे कोणीतरी तिच्या हाती वल्हं दिलं आणि तेव्हापासून ती घरी येईनाशी झाली. वहिनीने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा एकच विचारलं, "पोह्यता येते का पण तुले?"

बैठकीच्या खोलीत तिचा फोटो लावला होता. निमुळत्या बोटीत चौघी एकीमागे एक बसलेल्या, प्रत्येकीच्या हातात एकेक लांब वल्हं, नजर समोर. येता-जाता आम्ही सगळ्यांनी तो पाहिला होता. पण बोट चालताना आमच्यापैकी कोणीच पाहिली नव्हती. ती व्हिडिओ पाठवायची ते व्यायामाच्या यंत्रावरचे. पाण्यावर जाताना मोबाइल काठावर ठेवावा लागतो म्हणे.

अंतिम शर्यतीच्या दिवशी मी मेहकरहून सकाळच्याच गाडीने गावी पोचले. ऑफिसात काय कारण सांगितलं ते इथे लिहीत नाही. सोयाबीन सोंगायला बायका लागल्या होत्या, तरी दादा घरीच. मला म्हणाला, "मळणीवाला येणार हाय, म्हणून थांबलो." मळणीवाला संध्याकाळी येणार होता, हे वहिनीने मला दारातच सांगितलं होतं. वहिनी बोलून बसली होती की पदक मिळालं तर हिवरा आश्रमाच्या उत्सवात महाप्रसादाच्या पुऱ्या दिवसभर लाटीन. शेजारचे ड्रायव्हरकाका येऊन खुर्चीत बसले. उभी हयात त्यांनी एसटी चालवली, त्यामुळे चाकाचं असो वा बिनचाकाचं, वाहनाचा विषय निघाला की शेवटचा शब्द त्यांचा.

माझा मोबाइल मी टीव्हीला जोडला. शर्यत सुरू व्हायच्या वेळेला नेमकी रेंज गेली. पडद्यावर नुसतं गोल गोल फिरत राहिलं. मी अंगणात गेले, मोरीच्या कठड्यावर चढले, फोन उंच धरला, सगळे प्रकार झाले. मग आत येऊन तो पुन्हा टीव्हीला जोडला, तर एकदम चित्र आलं आणि आलं तसं गोठलं.

चित्र मात्र लख्ख होतं. सहा बोटी, निळं पाणी, वल्ही हवेत थांबलेली. आमच्या पोरींचे कपडे लगेच ओळखू आले. वहिनीने पडद्यावर बोट टेकवून आपली लेक दाखवली. साऱ्या बोटींतल्या साऱ्या बायका डावीकडे तोंड करून बसल्या होत्या आणि आमची बोट पार उजवीकडे होती. तिच्याही उजवीकडे फक्त एक.

"मांगं पडल्या," ड्रायव्हरकाका म्हणाले. "चार बोटी पुढं हायेत. आपल्या मांगं एकच."

"काका, चित्र हलू तर द्या," मी म्हटलं.

"हलून काय होते? ड्रायव्हरचं तोंड जिकडं, गाडी तिकडं. पाह्य ना, सगळ्याजणी डाव्या अंगाले पाहून राह्यल्या."

मीही तेच पाहत होते. वहिनीने पदर तोंडाला लावला. दादा बराच वेळ त्या गोठलेल्या लेकीकडे पाहत राहिला. तिचा चेहरा असा पिळवटलेला होता की बघवत नव्हतं. मग तो उठला, चपला घालून अंगणात गेला. मला वाटलं डोळे पुसायला गेला असेल. दादाला मी ओळखत नाही असं नाही, पण त्या क्षणी माया आली.

तेवढ्यात चित्र हललं.

"अव माय!" वहिनी ओरडली. "ह्या तं उलट्या जाऊन राह्यल्या!"

खरंच. वल्ही पाण्यात पडली आणि सगळ्या बोटी पाठीकडून सुसाट निघाल्या. बायकांची तोंडं डावीकडे आणि बोटी उजवीकडे. ड्रायव्हरकाका खुर्चीतून अर्धे उठले, "रिव्हर्स? एवढ्या स्पीडनं?" दोन-तीन वेळा वल्ही पाण्यात पडेपर्यंत मलाही वाटलं की काहीतरी बिघडलं, मोबाइलच उलटा चालायला लागला. मग डोक्यात प्रकाश पडला. ज्या बोटीला आम्ही शेवटून दुसरी म्हणत होतो, ती पुढून दुसरी होती! वल्हवणाऱ्या बायका पाठमोऱ्याच जातात. भाचीला ते इतकं अंगवळणी पडलं होतं की सांगायचं तिला सुचलंच नाही, आणि विचारायचं आम्हाला.

मग आम्ही तिघांनी जो आरडाओरडा केला, तो शेतातल्या बायकांनीही ऐकला असेल. मी खो-खोच्या मैदानावर ओरडायचे तशी ओरडले. शेवटी शेवटी एक बोट आमच्या पुढे सरकली. वहिनीने तिला दोन शिव्या दिल्या. आमच्या पोरी तिसऱ्या आल्या आणि वल्ह्यांवर आडव्या झाल्या. ब्राँझ!

"दुसरीची तिसरी काऊन झाली पण?" वहिनी रडता रडता म्हणाली.

मी टीव्हीला जोडलेला फोन काढून घेतला आणि पळत अंगणात गेले. दादा निंबाखाली उभा, फोन हातात. त्याचा चेहरा पाहूनच मला कळलं.

"तू साखरखेर्ड्याला फोन केलास," मी म्हटलं.

"हाव. म्हटलं, रविवारी या. पोरगी येऊन राह्यली."

"दादा, पदक आलं."

त्याला ते खरं वाटेना. म्हणाला, "मांगं होती ना ते?" मग मी त्याला हाताने उलटसुलट करून बोटीचं तोंड समजावून सांगितलं. तो आधी हसला, मग हातातल्या फोनकडे पाहू लागला. दादाने दिलेला शब्द मागे घेतलेला मी जन्मात पाहिला नव्हता आणि आता त्याने दोन ठिकाणी दिला होता. पाहुण्यांपुढे मान खाली घालण्यापेक्षा तो लेकीलाच म्हणाला असता, नुसतं बस समोर, पाहून जाऊ दे, काय बिघडते. असंच तर सुरू होतं सगळं. मला चांगलं माहीत आहे.

एवढ्यात माझाच फोन वाजला. भाची होती, काठाला लागताच फोन केलेला. धाप अजून गेली नव्हती. पदकाचं एक अक्षर नाही. पहिलं वाक्य, "आत्या, बाबा काय म्हणले?"

मी फोनचा आवाज मोठा केला आणि दादासमोर धरला. त्याने तिला नुसतं "थांब जराशीक" म्हटलं आणि आपल्या फोनवरून साखरखेर्ड्याचा नंबर लावला. माझ्या फोनवर लेक ऐकतेय हे त्याला ठाऊक होतं.

"पाहुणे, राम राम. हाव, मीच. रविवारचं ते पक्कं हाय, येजा. घरचे सारे येजा." दादाने घसा खाकरला. "पण पोरगी पाह्याले नोका येऊ. पेढे खायाले या. पोरीनं पदक आणलं."