तपासणीच्या दिवशीची सुट्टी

इन्स्पेक्टरसाहेबांची सायकलरिक्षा शाळेच्या फाटकात शिरली तेव्हा मी आठवी 'ब'च्या दारात उभी होते, आणि समोर माझ्या वर्गातल्या पुष्पाचे वडील तिला हाताला धरून उभे होते. पुष्पाने आज यायचं नव्हतं. तसं मीच तिला सांगितलं होतं.

ही सत्तर सालानंतरची, नागपूरची गोष्ट. आमच्यासारख्या शाळांत तपासणीच्या दिवशी कच्च्या मुलांना घरी ठेवायची रीतच होती. त्याला कुणी लबाडी म्हणत नसे, 'ॲडजस्टमेंट' म्हणत. मी दोन वर्षं टेम्पररी होते. रिपोर्ट चांगला आला तर परमनंट, नाहीतर उन्हाळ्यात घरी बसायची भीती. वडील अंथरुणाला खिळलेले, कमावती मी एकटी. हेडमास्तर आठवडाभर एकच घोकत होते, वर्ग चकाचक दिसला पाहिजे.

आणि गंमत बघा, महिनाभरापूर्वी याच हेडमास्तरांनी मला शिक्षकांच्या वाचन-प्रशिक्षणाला पाठवलं होतं. तिथे 'अपरिचित उतारा' घ्यायला शिकले. म्हणजे मुलाने कधी न पाहिलेला मजकूर. एकेकाला जवळ बसवायचं, वाचायला लावायचं, अडखळला की खूण करायची. परत येऊन मी ते वर्गात करून पाहिलं आणि हादरले. धडा घडाघडा म्हणणारी अकरा मुलं नवा उतारा वाचू शकत नव्हती. काहींना तर मिसरूड फुटलेली. पुष्पाला जोडाक्षर आलं की डोळ्यांत पाणी यायचं. मी यादी केली. यादीतल्या मुलांना रोज वीस मिनिटं द्या, असं प्रशिक्षणात सांगितलं होतं. मी त्यांना तपासणीच्या दिवसाची सुट्टी दिली.

पुष्पाचे वडील मालधक्क्यावर हमाली करत. आवाज न चढवता ते म्हणाले, "बाई, हिले घरी राह्याले काहून सांगतलं? काही चुकलं का हिचं?"

"नाही हो, तसं काही नाही."

"मी शिकलो नाही. पण माह्या पोरीले तुम्ही लपवून राहिले, एवढं समजते मले."

तिकडून हेडमास्तर साहेबांना घेऊन येतच होते. मी पुष्पाला मागच्या बाकावर बसवलं आणि भीतीपोटी तिच्याजवळच उभी राहिले. वडील व्हरांड्यात खांबाशी थांबले.

साहेब बारीक अंगाचे, हळू बोलणारे. अशांचीच जास्त भीती वाटते. पुढच्या दोघांनी छान वाचलं. मग साहेबांनी मागे बोट केलं आणि पुष्पा उठली. धडा तोच, आठ दिवस मी सगळ्या वर्गाकडून एका सुरात म्हणवून घेतलेला. ती स्पष्ट, न अडखळता वाचू लागली. हेडमास्तर मान डोलवत होते. दाराबाहेर वडिलांचा चेहरा उजळला होता. मी सुटकेचा श्वास सोडणार, तोच मला दिसलं. पान संपलं होतं, आणि पुष्पा पान न उलटता पुढचं म्हणत होती.

ते फक्त मला दिसत होतं. साहेब म्हणाले, "शाब्बास." आणि वहीत काही लिहू लागले.

गप्प राहिले असते तर काम झालं असतं. पुष्पाने माझ्याकडे पाहिलं. ती माझ्याइतकीच घाबरली होती, आणि तिला ती भीती मीच घातली होती. वर्गात सगळ्यांदेखत तिचं नाव घेणं बरं नव्हतं, खरं तर तेवढी हिंमतही नव्हती. साहेब व्हरांड्यात आले तेव्हा कसंबसं तोंड उघडलं.

"साहेब, तिने वाचलं ते पाठ आहे. तिला वाचता येत नाही. अशी आणखी दहा आहेत. त्यांना मी आज घरी ठेवलंय."

हेडमास्तरांचा चेहरा पांढरा पडला. मी पर्समधून यादी काढून दिली.

"कधीची यादी?"

"महिन्यापूर्वीची."

"मग महिनाभर काय केलं?"

"धडा पाठ करून घेतला, साहेब."

त्यांनी यादी घडी घालून परत दिली आणि पुढच्या वर्गाकडे गेले. वडील तिथेच उभे होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी मला दोष दिला नाही. एवढंच विचारलं, "आता शिकवाल का हिले वाचाले?" मी हो म्हटलं. ते कामावर निघून गेले.

रिपोर्टात आलं, 'वर्ग वाचनात कच्चा.' मी आणखी एक वर्ष टेम्पररी राहिले आणि ते सगळं वर्ष उन्हाळ्याच्या धास्तीत काढलं. मधल्या सुट्टीतली वीस मिनिटं मात्र चुकवली नाहीत. वर्षाच्या शेवटी पुष्पा अडखळत वाचायची, पण पान उलटायची.

पुढे मीच शिक्षकांची प्रशिक्षणं घेऊ लागले. पहिल्या दिवशी मी सगळ्यांना कागद वाटायचे आणि सांगायचे, तपासणीच्या दिवशी तुम्ही ज्यांना घरी ठेवता त्यांची नावं लिहा, ती यादी हाच आपला अभ्यासक्रम. लोक आधी हसायचे, मग खाली मान घालून लिहायचे. कोरा कागद मला कुणीच परत दिला नाही.