साळवी, लेले आणि एकच गॅस मास्क

तीन माणसं, एक फ्लॅट आणि दोन महासत्ता! किस्से साचायला आणखी काय लागतं? फ्लॅट आखातात, गुदैबियात. साळवी परळचा, मीना सलमान बंदरातल्या वर्कशॉपमध्ये फिटर, कट्टर लाल. लेले पुण्याचा अकाउंटंट, अमेरिकेचं नाव काढलं की खुलायचा. मी वानखेडे, नागपूरचा इलेक्ट्रिशियन, दोघांच्या मध्ये अडकलेला.

*

लेलेला साळवीच्या बोंबलांचा वास सहन व्हायचा नाही. त्याने फ्रिजमध्ये मधोमध टेप मारून हद्द आखली होती. दोन जर्मनी एक झाल्याची बातमी टीव्हीवर लागली आणि पठ्ठ्याने स्वतःच टेप उपटली. "साळवी, तुमची भिंत खलास!"

साळवीने शांतपणे बोंबलांचा डबा त्याच्या दुधाला खेटून ठेवला. "मग आता फ्री मार्केट!"

*

दोघं मला सारखे विचारायचे, "तू कुठल्या गोटातला?"

"बुद्धाच्या," मी म्हणायचो. "आमच्याकडे बॉम्ब नाहीत!"

दोघंही एकदम चिडायचे. त्यांचं एकमत व्हायचं ते तेवढ्यापुरतंच.

*

मग एक्क्याण्णवचा जानेवारी आला आणि युद्ध पेटलं. तिकडे इराकची रशियन स्कड क्षेपणास्त्रं, इकडे ती हवेतच पाडणारी अमेरिकन पेट्रियट. विषारी गॅसच्या भीतीने आम्ही बेडरूमच्या खिडक्या टेपने बंद केल्या. पहिला सायरन वाजला तेव्हा तिघं आत कोंबलेले. आणि यांचं सुरूच!

"तुमचं स्कड म्हणजे भंगार," लेले म्हणाला.

"रशियन माल आहे! नेम चुकायचा नाही!" साळवी तावातावाने उठला.

"अरे, नेम आपल्यावर आहे!" मी ओरडलो.

साळवी मटकन खाली बसला. "चुकेल रे कदाचित."

*

आता मास्कचं. साळवीने बंदरातून खटपट करून एकच मिळवला होता. लेलेला दमा, साध्या अगरबत्तीनेही त्याचा जीव घुसमटायचा. गॅस आला असता तर पहिला तोच गेला असता. पण "मी एकटा घालणार नाही" म्हणून हटून बसलेला.

एका दुपारी सायरन झाला. साळवीने मास्क लेलेच्या अंगावर फेकला. "घे! अमेरिकन आहे. मेलो तरी तोंडाला लावणार नाही!"

"मर मग!" लेलेने रागारागाने मास्क चढवला.

साळवी ओला टॉवेल नाकाशी धरून दाराच्या फटीजवळ बसला. मला फार भीती वाटत होती.

शेवटी ऑल क्लिअर झालं. लेलेच्या डोक्यामागचे पट्टे मी सोडवले. मास्कच्या आत, रबरावर ठसठशीत रशियन अक्षरं! मी साळवीकडे पाहिलं. त्याने डोळे वटारले.

लेले घाम पुसत म्हणाला, "बघितलंस साळव्या? याला म्हणतात अमेरिकन माल!"

"हो रे बाबा," साळवी म्हणाला. "मानलं."