मी पंच होतो, इतकंच

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. आणि ती तर त्या दिवशी तिथेच बसली होती, तांदूळ निवडत.

तेव्हा आम्ही दहिसरला, नदीच्या अंगाच्या चाळीत राहायचो. आमच्या मजल्यावर शेवटच्या खोलीत नलूताई नावाच्या बालवाडीच्या बाई एकट्याच असायच्या. एका दुपारी त्यांच्याच खोलीत कोणीतरी त्यांचा गळा दाबला. पोलिसांना पंचनाम्याला दोन माणसं हवी होती. कोपऱ्यावरचा वाणी आला, आणि मी. मी काय पाहिलं? उघडं कपाट, सांडलेला चहा, आणि त्या. लिहिलेल्या कागदावर सही केली. हवालदार म्हणाला, "बाहेर बोलायचं नाही." पण बोलण्यासारखं माझ्याकडे होतंच काय?

मग आठवडे गेले. पोलीस काही सांगेनात. चाळीतली माणसं तीनदा चौकीवर जाऊन आली — "तपास चालू आहे", एवढंच. बायका भरदुपारी कड्या लावून बसू लागल्या. "आमच्यातली बाई गेली, मग आम्हाला कळायला नको?" असं जो तो म्हणायचा. चूक होतं का ते? मुळीच नाही.

चौकीत कोणी दाद देईना, तेव्हा ते माझ्याकडे वळले. अण्णा आत गेला होता, अण्णाला ठाऊक असणार. मला बोलावून चहा देऊ लागले. बारा वर्षं त्या चाळीत राहिलो, कधी कोणी माझं मत विचारलं नव्हतं. मी म्हणायचो, "आत्ता नाही सांगता येत." आणि — लपवून काय करू — मला ते आवडायचं.

नलूताईंच्या शेजारी परब राहायचे. गिरणी बंद पडल्यापासून घरीच. त्यांची बायको चाळीतल्या सहा-सात एकट्या राहणाऱ्या पोरांना डबे द्यायची, त्यावर घर चाललेलं. नळावरून नलूताईंशी परबांची भांडणं व्हायची, हे सगळ्यांना माहीत. पोलिसांनी त्यांना दोनदा बोलावलं होतं. तसं बऱ्याच जणांना बोलावलं होतं.

एका रविवारी गॅलरीत सावंतने मला गाठलं. आजूबाजूला पाच-सहा जण.

"अण्णा, नुसतं हो की नाय सांग यार. परबच ना?"

मला माहीत नाही. तीन शब्द. तेवढे बोललो असतो तर? तर उद्यापासून मला कोणी विचारलं नसतं. मी खाली बघितलं, जरासा हसलो — हो, हसलो — आणि म्हणालो, "मी काही बोललो नाही हं."

संध्याकाळपर्यंत चाळभर झालं. डबे एकेक करून बंद झाले. परबांच्या दारावर कोणीतरी कोळशाने 'खुनी' लिहिलं. ते पुसताना त्यांची बायको मला दिसली. मी आत गेलो. दोन महिन्यांत त्यांनी खोली मिळेल त्या किमतीला विकली, गावी जायचं ठरवलं.

निघायच्या आदल्या दिवशी परब आमच्याकडे आले. उंबऱ्यातच उभे राहिले.

"अण्णानू, तुमी आत गेल्लास. माजा नाव थंय निघाला काय?"

तिथे कोणाचंच नाव निघालं नव्हतं. मला काहीच माहीत नव्हतं — पहिल्या दिवसापासून नाही. हे मी त्यांना सांगायला हवं होतं ना? बायको तांदळाचं सूप मांडीवर घेऊन माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "बोलायला बंदी आहे, परब."

ते "बरां" म्हणाले. बायकोला हात जोडले, आणि गेले.

वर्षभराने नलूताईंचा भाचा पकडला गेला. चाळीत सगळे हळहळले, पोलिसांनी वेळीच तोंड उघडलं असतं तर बिचारे परब वाचले असते म्हणाले. सर्वांत मोठ्याने मी म्हणालो.

परबांचा गावचा पत्ता सावंतकडे होता. मी तो कधी मागितला नाही.